इंटर नापास ते प्राचार्य : कुरुंदकर गुरुजींची शिक्षणवाट

निकालाचे दिवस संपले, की मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या कार्यालयांसमोर गर्दी वाढू लागते. कोणाला टीसी हवी असते, कोणाला मायग्रेशन. कोणी एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात निघालेला असतो, तर कोणी विद्यापीठच बदलत असतो. त्यात वर्ष वाया गेलेलेही काही असतात. प्रवेशाचे अर्ज आता ऑनलाइन भरले जात असले, तरी ही धावपळ आणि तिच्यामागची धास्ती संपलेली नाही. सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वी तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील वसमत तालुक्यातून असाच एक मुलगा शिकण्यासाठी हैदराबादला गेला, इंटरच्या परीक्षेत नापास झाला आणि हाती पदवी नसताना परतला. पुढे तोच मराठीतील एक अव्वल विचारवंत ठरला आणि नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. त्याचे नाव नरहर अंबादास कुरुंदकर.

कुरुंदकरांच्या ग्रंथांविषयी आणि व्याख्यानांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या शिक्षणाची कहाणी मात्र बहुधा एक गंमतीदार किस्सा म्हणूनच सांगितली जाते. परीक्षेत नापास झालेला माणूस पुढे प्राध्यापकांचा प्राध्यापक झाला, एवढ्यावर ती संपते. प्रत्यक्षात ती एका माणसाइतकीच एका प्रदेशाचीही कहाणी आहे. ज्या काळात मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते, त्या काळात त्यांचे शिक्षण तुटले आणि विद्यापीठ आले तेव्हा ते पुन्हा सांधले गेले.

निजामी राजवटीतील परभणी

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ चा. वसमत तालुक्यातील कुरुंदा हे त्यांच्या घराण्याचे गाव आणि त्यावरूनच घराण्याचे आडनाव. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि वसमत तालुका तिकडे गेला. कुरुंदकरांच्या हयातीत मात्र हा सारा मुलूख परभणीचाच होता. त्यांचे शालेय शिक्षण वसमतला झाले.

औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्यांची संख्या फार मोठी, पण राज्यकारभाराची भाषा उर्दू. प्राथमिक इयत्तांपलीकडे शिकू पाहणाऱ्या मराठी मुलाला उर्दूशी जुळवून घेण्यावाचून गत्यंतर नसे. खासगी मराठी शाळा होत्या, पण त्या मोजक्या. अंबाजोगाईची योगेश्वरी, परभणी जिल्ह्यातच सेलूचे नूतन विद्यालय, हैदराबादेतील विवेकवर्धिनी अशी त्यांची नावे आजही आदराने घेतली जातात. या शाळा चालविणे हेच त्या काळात राष्ट्रकार्य मानले जाई, कारण स्वभाषेत शिकण्याचा आग्रह धरणे हे सत्तेच्या नजरेत संशयास्पद होते.

कुरुंदकरांच्या पिढीला उर्दूचा जाच झाला हे खरे, त्याचबरोबर त्या भाषेचे वैभवही त्यांच्या पदरात पडले. पुढे उर्दू काव्याची त्यांना लागलेली गोडी आणि मुस्लिम समाजाच्या राजकारणाविषयी त्यांनी केलेला सखोल अभ्यास यांची मुळे याच वातावरणात होती.

हैदराबादची वाट

परभणी जिल्ह्यातील विद्यार्थ्याने मॅट्रिकनंतर शिकायचे ठरविले, तर त्याच्यापुढे वाटा फार थोड्या होत्या. औरंगाबादला १९२३ साली सुरू झालेले इंटरमिजिएट कॉलेज होते. पण ते इंटरपुरतेच. पदवीसाठी हैदराबाद गाठावेच लागे. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हे संस्थानातील एकमेव विद्यापीठ, आणि तेथील अध्यापनाचे माध्यम उर्दू. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. मात्र संस्थानातील बहुसंख्य प्रजेची ती मातृभाषा नव्हती, ही त्याची दुसरी बाजू.

वसमतहून निघालेल्या मुलाने पूर्णा जंक्शनवर गाडी बदलायची, नांदेडमार्गे मीटरगेजच्या गाडीने सिकंदराबाद गाठायचे आणि परक्या शहरात एखाद्या नातेवाइकाच्या आश्रयाने राहायचे. ज्याला असा आश्रय नसे, त्याचे शिक्षण बहुधा मॅट्रिकलाच थांबे. गुणवत्तेआधी हैदराबादेत आपले कोणी आहे की नाही, हा प्रश्न येई.

या वाटेवर राजकारणाचे खाचखळगेही होते. १९३८ साली औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरला. निजाम सरकारने बंदी घातली, विद्यार्थ्यांनी संप केला आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे महाविद्यालयांतून कमी करण्यात आली. संस्थानात दुसरे विद्यापीठ नसल्याने या मुलांचे शिक्षण तेथेच संपले असते. त्या वेळी नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे याच विद्यार्थ्यांपैकी एक. विद्यापीठ बदलण्याची सोय ही कधी कधी साऱ्या आयुष्याची सोय ठरते, हे मराठवाड्याने त्या वर्षी पाहिले.

कुरुंदकर तेव्हा सहा वर्षांचे होते. ते मोठ्या इयत्तांत पोचले तेव्हा संस्थानातील लढा निर्णायक टप्प्यावर आला होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने संस्थान भारतात विलीन व्हावे, यासाठी आंदोलन पुकारले. रझाकारांचा उच्छाद वाढला, गावेच्या गावे उठली आणि शाळांवर बहिष्कार पडले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. कुरुंदकर त्या वेळी सोळा वर्षांचे होते. या लढ्याचा त्यांच्या मनावर उमटलेला ठसा अखेरपर्यंत पुसला गेला नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाविषयी त्यांनी पुढे जे लेखन केले, त्यामागे हे कोवळ्या वयात पाहिलेले वास्तव उभे होते.

सिटी कॉलेज आणि मामांचे घर

उच्च शिक्षणासाठी कुरुंदकर हैदराबादला गेले आणि मुसी नदीच्या काठी असलेल्या सिटी कॉलेजात दाखल झाले. त्यांच्या बाबतीत आश्रयाचा प्रश्न सुटलेला होता. त्यांचे मामा डॉ. नारायण गोविंद नांदापूरकर हे उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास ही नांदापूरकरांची विद्वत्तेतील मोठी कामगिरी. उर्दू माध्यमाच्या विद्यापीठात मराठीची ज्योत तेवत ठेवणाऱ्या मोजक्या अध्यापकांत त्यांची गणना होते. प्राचीन मराठी काव्य, संस्कृत महाकाव्ये, त्यांवरील टीका हे सारे भाच्याला मामांच्या घरातच भेटले.

हैदराबाद हे त्या वेळी ग्रंथालयांचे, मुशायऱ्यांचे आणि वादविवादांचे शहर होते. विलीनीकरणानंतर तर तेथील वैचारिक वातावरण ढवळून निघाले होते. समाजवादी, साम्यवादी, काँग्रेसजन अशा सर्वांच्या बैठका झडत. खेड्यातून आलेल्या या तरुणाने त्या शहराचा पुरेपूर लाभ घेतला. इतिहास, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र, साहित्यशास्त्र, राजकारण अशा कोणत्याही विषयाला त्याच्या वाचनात मज्जाव नव्हता. भालचंद्रमहाराज कहाळेकर यांच्यासारख्या व्यासंगी माणसाचा सहवास त्याला लाभला आणि विचार कसा करावा, याचे धडे त्यातून मिळत गेले.

या साऱ्यात मागे पडली ती परीक्षा. इंटर म्हणजे मॅट्रिकनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. तो ओलांडल्यावाचून बी. ए.च्या वर्गात पाऊल टाकता येत नसे. कुरुंदकर या उंबरठ्यावर अडखळले आणि एकदाच नव्हे, तर पुन्हा पुन्हा अडखळले. नेमलेल्या पुस्तकांपेक्षा न नेमलेली पुस्तके त्यांना जवळची वाटत. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली.

या अपयशाचे पुढे कौतुक झाले. पण त्या वयात आणि त्या परिस्थितीत ते कौतुकाचे नव्हते. सामान्य कुटुंबातील मुलगा, मुक्काम मामांच्या घरी, ते मामाही विद्यापीठात नामांकित प्राध्यापक, आणि निकालपत्रावर नापासचा शेरा. हैदराबादेत राहून पुन्हा पुन्हा परीक्षेला बसणे हे खर्चाच्या दृष्टीने सोपे नव्हते आणि मनाच्या दृष्टीने तर त्याहून नव्हते. विलीनीकरणानंतर उस्मानियात उर्दू माध्यम मागे पडून इंग्रजी आले होते. शाळा एका भाषेत आणि महाविद्यालय दुसऱ्या भाषेत, अशा कात्रीत त्या पिढीचे अनेक विद्यार्थी सापडले. कुरुंदकरांची अडचण मुख्यतः भाषेची नव्हती, ती अभ्यासक्रमाच्या चौकटीची होती. तरी दोहोंचा परिणाम एकच झाला. शिक्षण अर्धवट सोडून ते गोदावरीच्या खोऱ्यात परतले.

नांदेडची शाळा

परतलेल्या कुरुंदकरांना आधार मिळाला तो नांदेडमध्ये. वसमतपासून सुमारे ४० किलोमीटरवरचे हे शहर. १९५५ च्या सुमारास तेथील प्रतिभा निकेतन विद्यालयात ते शिक्षक म्हणून रुजू झाले. नांदेडकर त्यांना अखेरपर्यंत गुरुजी म्हणत राहिले, ते या शाळेमुळेच. पुढे ते प्राध्यापक झाले, प्राचार्य झाले, तरी ‘सर’ या संबोधनाने ‘गुरुजी’ची जागा घेतली नाही.

शाळामास्तरकीच्या या वर्षांत त्यांचे वाचन थांबले नाही, उलट त्याला शिस्त आली. रोज वर्गात उभे राहून अवघड गोष्ट सोपी करून सांगण्याचा सराव झाला. कुरुंदकरांचे वक्तृत्व अलंकारांवर उभे नव्हते. विषयाची मांडणी करायची, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट सांगायचे, मग त्याची उलटतपासणी करायची आणि श्रोत्याला निष्कर्षापर्यंत हाताला धरून न्यायचे, ही त्यांची पद्धत शिक्षकाची होती. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांतून आलेली समाजवादी निष्ठा आणि शाळेच्या फळ्यापुढे घडलेली विवरणशैली, यांतून महाराष्ट्राला पुढे परिचित झालेले कुरुंदकर तयार झाले.

याच काळात त्यांनी इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांच्या विचारांचा अभ्यास केला. त्यातून उभा राहिलेला ‘रिचर्ड्सची कलामीमांसा’ हा ग्रंथ त्यांची विद्वत्ता अधोरेखित करणारा ठरला. मराठीत ज्या विषयावर लिहिण्यास पदव्युत्तर प्राध्यापकही बिचकत, त्या विषयाला नांदेडच्या एका शाळामास्तराने हात घातला होता. नियतकालिकांतून त्यांचे लेख येऊ लागले, मराठवाड्यातील साहित्यिक वर्तुळात त्यांच्या नावाची चर्चा होऊ लागली. तरीही महाविद्यालयात शिकविण्याचा अधिकार या कीर्तीमुळे मिळत नव्हता. त्यासाठी एम. ए.ची पदवीच हवी होती आणि तिच्या वाटेवर इंटर आणि बी. ए.चे टप्पे उभे होते.

स्वामीजींचे कॉलेज

कुरुंदकर नांदेडला आले, त्याआधीच त्या शहरात एक महत्त्वाची घटना घडली होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी लढा संपल्यावर शिक्षणाकडे लक्ष वळविले. संन्यास घेण्यापूर्वी आणि नंतरही त्यांनी हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिक्षक म्हणून काम केले होते. त्यामुळे संस्थानातील मुलांची अडचण त्यांना पुरती ठाऊक होती. त्यांच्या प्रेरणेने नांदेड एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि १९५० साली पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत महाविद्यालय उभे केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्या वर्गांना उच्च शिक्षणाचे दार कधीच उघडले नव्हते, त्यांच्यासाठी ही दोन्ही महाविद्यालये वरदान ठरली.

नांदेड, परभणी आणि आसपासच्या तालुक्यांतील मुलांना आता हैदराबादची गाडी पकडण्याची सक्ती उरली नाही. मात्र एक गोष्ट बदलली नव्हती. महाविद्यालय नांदेडला असले, तरी ते संलग्न होते उस्मानिया विद्यापीठाशी. अभ्यासक्रम तेथे ठरत, प्रश्नपत्रिका तेथे निघत आणि पदवीही तेथूनच येई.

विद्यापीठ घराजवळ आले

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्याचे त्रिभाजन होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. राजकीयदृष्ट्या मराठवाडा मराठी मुलखात आला, पण त्याची महाविद्यालये अजून दुसऱ्या राज्यातील विद्यापीठाशी जोडलेली होती. ही विसंगती फार काळ चालणे शक्य नव्हते. न्या. पळनिटकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मराठवाड्यासाठी स्वतंत्र विद्यापीठाची शिफारस केली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. मुंबई विद्यापीठाच्या प्रशासनात दीर्घकाळ काम केलेले एस. आर. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू.

मराठवाड्यातील महाविद्यालये उस्मानियाकडून या नव्या विद्यापीठाकडे वर्ग झाली. कागदावर पाहिले तर हा केवळ संलग्नतेतील बदल होता. इमारती त्याच, अध्यापक तेच, वर्गही तेच. पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने बरेच काही बदलले. परीक्षेचे ठिकाण, अभ्यासक्रम ठरविणारी माणसे, गुणपत्रिकेतील चूक दुरुस्त करून घेण्यासाठी गाठायचे कार्यालय हे सारे आपल्या प्रदेशात आले. मराठी हा विषय तर एका बहुभाषिक राजधानीतील विभाग न राहता त्या प्रदेशाच्या विद्यापीठाचा मध्यवर्ती विषय बनला. नोकरी करीत शिकणाऱ्या आणि एकदा सुटलेला धागा पुन्हा पकडू पाहणाऱ्या माणसांना हे जवळ येणे फार मोलाचे होते.

अशांपैकी एक होते कुरुंदकर. संसार आणि शाळेची नोकरी सांभाळून त्यांनी राहिलेल्या परीक्षा एकेक करून पार केल्या आणि मराठी विषयात एम. ए. ही पदवी मिळविली. हैदराबादच्या सिटी कॉलेजात तुटलेला धागा मराठवाडा विद्यापीठात येऊन जोडला गेला. ज्या विषयांवर ते अधिकाराने लिहीत आणि बोलत होते, त्याच विषयांची उत्तरे त्यांना परीक्षार्थी म्हणून लिहावी लागली. त्यात कमीपणा न मानता ते परीक्षेला बसले, ही गोष्ट त्यांच्या विद्वत्तेइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे. परीक्षापद्धतीवर रुसून बाहेर राहणे त्यांच्यासारख्या नाव झालेल्या माणसाला सहज शक्य होते. तो मार्ग त्यांनी पत्करला नाही.

पीपल्समधील प्राध्यापक

१९६३ साली ते पीपल्स कॉलेजात मराठीचे अध्यापक म्हणून रुजू झाले. तेव्हा त्यांचे वय ३१ वर्षांचे होते. सरळ मार्गाने शिकलेला तरुण पंचविशीच्या आत जेथे पोचतो, तेथे पोचायला त्यांना काही वर्षे अधिक लागली. त्या वर्षांत त्यांचे वाचन वाढले, अनुभव वाढला, हे खरे. पण ती वर्षे पुन्हा मिळणार नव्हती आणि त्यांच्या आयुष्याचा हिशोब पाहता ती फार महागात पडली.

प्राध्यापकपद मिळाले आणि त्यांच्या लेखनाला बहर आला. रणजित देसाई यांची ‘श्रीमान योगी’ ही कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. शिवचरित्राविषयी कुरुंदकरांनी देसाई यांना लिहिलेले दीर्घ पत्र तिला प्रस्तावना म्हणून जोडण्यात आले. ती प्रस्तावना कादंबरीइतकीच वाचली गेली. शिवाजी महाराजांकडे चमत्काराच्या नव्हे, तर राज्यकर्त्याच्या दृष्टीने कसे पाहावे, हे तिने मराठी वाचकांच्या एका मोठ्या वर्गाला शिकविले. त्यानंतर ‘जागर’, ‘शिवरात्र’, ‘धार आणि काठ’ अशी पुस्तके लागोपाठ आली. लोकशाही, धर्मनिरपेक्षता, गांधी आणि नेहरू, हिंदू-मुस्लिम प्रश्न, मराठी कादंबरीची वाटचाल असा त्यांच्या लेखनाचा पल्ला. मनुस्मृतीची त्यांनी केलेली परखड चिकित्सा त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने वाचकांपुढे आली. भरताच्या नाट्यशास्त्राचा त्यांचा अभ्यास तर संस्कृतच्या जाणकारांनाही विचारात घ्यावा लागला.

पुण्या-मुंबईची वाट धरावी, असे त्यांना वाटले असते तर कोणी अडविले नसते. पण नांदेड त्यांनी सोडले नाही. व्याख्यानांसाठी महाराष्ट्रभर फिरायचे आणि वर्गासाठी नांदेडला परतायचे, असा त्यांचा शिरस्ता राहिला. पूर्वी ज्ञानासाठी नांदेडच्या माणसाला बाहेर जावे लागे. आता बाहेरची माणसे कुरुंदकरांना ऐकण्यासाठी, त्यांच्याशी चर्चा करण्यासाठी नांदेडला येऊ लागली.

पुढे ते याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ज्याला एके काळी बी. ए.च्या वर्गात बसण्याची परवानगी नव्हती, त्याच्या स्वाक्षरीने आता इतरांना प्रवेश मिळू लागले आणि टीसीही त्याच्याच स्वाक्षरीने निघू लागल्या. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली, पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणारी मुले त्यांच्यासमोर होती. त्यांच्या घरची स्थिती, भाषेची अडचण आणि अपयशाची धास्ती हे सारे प्राचार्यांनी स्वतः भोगलेले होते.

व्यासपीठावरचा अखेरचा श्वास

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच कुरुंदकरांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यात त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशी पूर्ण होण्यास अजून पाच महिने बाकी होते. महाविद्यालयीन अध्यापक म्हणून त्यांना लाभलेला काळ दोन दशकांचाही नाही. एवढ्या अल्पावधीत त्यांनी जे काम उभे केले, त्याचे आश्चर्य वाटते. हैदराबादेत गेलेली आणि पदवीविना काढलेली वर्षे त्यांना हाताशी मिळाली असती, तर आणखी किती झाले असते, ही हळहळही सोबतच येते.

त्यांच्यानंतर मराठवाड्याच्या शिक्षणाचा नकाशा आणखी बदलला. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. नांदेड, लातूर आणि परभणी जिल्ह्यांतील महाविद्यालये औरंगाबादकडून नांदेडकडे आली. परभणीच्या महाविद्यालयांनी अशा रीतीने तीन विद्यापीठे पाहिली. आधी उस्मानिया, मग मराठवाडा आणि आता स्वामी रामानंद तीर्थ. परभणी शहरात १९७२ पासून कृषी विद्यापीठही आहे. वसमतच्या ज्या मुलाला पदवीसाठी रात्रभर गाडीत बसून परराज्यसदृश शहरात जावे लागे, त्याच्या नातवंडांना विद्यापीठ तासाभराच्या अंतरावर आले आहे.

अंतर मिटले म्हणून प्रश्न मिटले, असे नाही. इंटर गेली, तिच्या जागी बारावी आली आणि पुढे सत्र परीक्षा, एटीकेटी, क्रेडिट अशी नवी परिभाषा रूढ झाली. पण अभ्यासक्रमाच्या चौकटीत न मावणारा मुलगा आजही वर्गात असतो. एक परीक्षा हुकली म्हणून मागे पडणाऱ्यांची आणि पुन्हा न परतणाऱ्यांची संख्याही थोडी नाही. अशा मुलांना कुरुंदकरांचे उदाहरण नेहमी दिले जाते. ते देताना त्यातला अर्धा भाग बहुधा विसरला जातो.

नापास होणे हा काही त्यांचा गुण नव्हता, आणि नापास झालेला प्रत्येक जण कुरुंदकर होत नाही. त्यांच्या मामांचे ग्रंथांनी भरलेले घर प्रत्येकाला लाभत नाही, तशी बुद्धीही लाभत नाही. त्यांच्या वाट्याला आलेल्या इतर गोष्टी मात्र कोणत्याही समाजाला आपल्या मुलांसाठी उभ्या करता येतात. पदवी नसलेल्या तरुणावर विश्वास टाकणारी एक शाळा, एका संन्याशाच्या ध्यासातून उभे राहिलेले गावातील महाविद्यालय आणि नोकरी सांभाळून पुन्हा परीक्षेला बसू देणारे, हाकेच्या अंतरावरचे सार्वजनिक विद्यापीठ. या तिन्ही संस्था वेळेवर उभ्या राहिल्या, म्हणून वसमत तालुक्यातील तो इंटर नापास मुलगा मराठवाड्याला गुरुजी म्हणून परत मिळाला.